ट्रक भरतो एका रात्रीत, मग अडतो कुठे?

नवी मुंबईतल्या कामोठ्यात कुठल्याही सेक्टरमध्ये चार घरी चौकशी करा, त्यातल्या दोघांचे गाव सातारा, सांगली, कोल्हापूर नाहीतर कोकणात निघते. त्यामुळे ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, किंवा २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि वाशिष्ठीने महाड-चिपळूण पाण्याखाली घातले, तेव्हा ही बातमी इथे दूरची नव्हती. अशा वेळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोण्या जमतात, कुणी ओळखीतून टेम्पो मिळवतो, गणेश मंडळाची पोरे रात्रभर भरणी करतात आणि पहाटे गाडी निघते. कळंबोलीच्या चौकातून द्रुतगती मार्ग घाटावर जातो, पळस्प्याहून गोव्याचा रस्ता धरला की महाड साधारण सव्वाशे किलोमीटर. दरड कोसळून रस्ता बंद नसेल तर मदत त्याच दिवशी पोचते.

आता दुसरे चित्र पाहा. इजिप्तमधल्या अल-अरीश शहरापासून गाझाची रफाह सीमा पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे कामोठ्याहून लोणावळ्याला जाण्याइतकेही अंतर नाही. रस्ता सपाट, ट्रक भरलेले, चालक तयार, पलीकडे माणसे उपाशी. तरीही गाझात युद्ध पेटल्यावर, २०२३ च्या अखेरीपासून पुढे कितीतरी ट्रक तिथे आठवडेच्या आठवडे उभे राहिले. महाडच्या मानाने अंतर तिसरा हिस्सा, वेळ कित्येक पटींनी जास्त, हे कसे? माल कमी पडतो म्हणून नाही, आणि रस्ता नाही म्हणूनही नाही. युद्धाच्या भागात जाणारा ताफा डिझेलवर जितका चालतो त्याहून जास्त तो परस्परांच्या संमतीवर चालतो, आणि ती संमती प्रत्येक नाक्यावर नव्याने मिळवावी लागते. ही गोष्ट नीट समजली तर मदत गोळा करण्याची आपली रीतही बदलेल असे मला वाटते. म्हणून एका ट्रकचा प्रवास भरणीपासून उतरणीपर्यंत पाहू.

## गोणीत काय भरायचे

भरणीच्या वेळी सगळ्यांच्या मनात एकच असते : जे मिळेल ते लवकर पाठवा. नेमकी इथेच पहिली गफलत होते. २००४ च्या सुनामीनंतर तामिळनाडूत नागपट्टिणमच्या किनाऱ्याला देशभरातून इतके जुने कपडे आले, की त्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. देणाऱ्यांची माया खरी होती, पण ते कपडे निवडायला, हलवायला आणि शेवटी विल्हेवाट लावायला तीच माणसे लागली जी अन्न वाटायला हवी होती. मदतीच्या ट्रकमधली नको असलेली वस्तू नुसती जागा अडवत नाही, ती पलीकडच्या माणसांचा वेळही खाते.

संघर्षाच्या भागात हा हिशेब आणखी कडक होतो, कारण किती ट्रक आत सोडायचे हे दुसऱ्याच्या हातात असते. दहा ट्रकांची परवानगी असेल तर अकरावा ट्रक नाही. मग त्या दहांत काय भरायचे हे तोलून-मापून ठरवावे लागते.

चौकट : दहा टनांचा हिशेब

आणीबाणीत एका माणसाला दिवसाला सरासरी २,१०० कॅलरी मिळाव्यात, असे जगभरच्या मदतसंस्थांचे प्रमाण आहे. धान्य, डाळ, तेल, साखर, मीठ धरून त्याचा कोरडा शिधा अर्ध्या किलोच्या थोडा पुढे जातो. सोयीसाठी अर्धा किलो धरू. दहा टनांच्या एका ट्रकमध्ये २०,००० दिवसांचा शिधा बसतो, म्हणजे १,००० माणसांना २० दिवस.

पिणे, रांधणे आणि अंग धुणे यासाठी माणशी किमान १५ लिटर पाणी रोज हवे. तोच ट्रक पाण्याने भरला तर ६५० च्या आसपास माणसांची एका दिवसाची सोय होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच ट्रक.

क्लोरीनची एक मोठी गोळी २० लिटर पाणी शुद्ध करते (पाणी गढूळ असेल तर आधी गाळून घ्यायचे). अशा १०,००० गोळ्यांनी २ लाख लिटर पाणी पिण्याजोगे होते, आणि तेवढ्या गोळ्या एका-दोघांना उचलता येतील अशा खोक्यांत मावतात.

पाण्याच्या बाटल्या भरून पाठवणे डोळ्यांना किती चांगले दिसते आणि प्रत्यक्षात किती महाग पडते, ते या आकड्यांवरून कळते. पहिल्या एक-दोन दिवसांत बाटलीबंद पाणी लागते हे खरे. पुढे मात्र गोळ्या, गाळण्या, पंप आणि पंपाला इंधन यांना पर्याय नाही.

भरणीचीही एक रीत असते. जे आधी उतरायचे ते शेवटी भरायचे. जड गोण्या तळाला आणि पुढच्या चाकांकडे. प्रत्येक नगावर आत काय, वजन किती, वापरण्याची मुदत कधीपर्यंत, हे पलीकडच्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहायचे. एका ट्रकमध्ये एकच वस्तू भरली तर तपासणी लवकर होते, पण तेलाचा ट्रक अडला तर सगळ्या छावणीचे तेल अडते. प्रत्येक ट्रकमध्ये थोडे-थोडे सगळे भरले तर एक ट्रक गेल्याने उपासमार होत नाही, पण नाक्यावर प्रत्येक गोणी उघडावी लागते. यांतले काय निवडायचे हे रस्ता बघून ठरते. त्यावर बिनचूक असे उत्तर नाही.

## एक कात्री आणि अख्खा ट्रक

ट्रकसोबत मालाची यादी जाते. आपल्याकडे माल पाठवताना बिल्टी असते तसाच हा कागद, पण इथे त्यातली ओळ आणि हौद्यातली गोणी यांत एका नगाचा फरक पडला तरी गाडी बाजूला घेतात. कारण प्रत्येक लढणाऱ्या पक्षाला एकच भीती असते : औषधाच्या नावाखाली शत्रूला दारूगोळा जातोय का? आणि काही वस्तू खरोखरच दोन्हीकडे चालतात. जनित्राने शस्त्रक्रियागृह चालते आणि बंकरही चालतो. पाण्याची पाइप पाण्यालाही लागते आणि रॉकेटच्या नळीलाही, असा संशय घेता येतो. डिझेल तर सगळ्यांनाच हवे.

हा संशय कुठवर जातो याचे एक उदाहरण. मार्च २०२४ मध्ये गाझातल्या पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचे तेव्हाचे प्रमुख फिलिप लाझारिनी यांनी जाहीरपणे सांगितले, की लहान मुलांच्या वैद्यकीय संचात कात्र्या आहेत म्हणून भरलेला अख्खा ट्रक परत पाठवला गेला. कात्री काढून ट्रक सोडला असे झाले नाही. ट्रक पुन्हा रांगेच्या शेपटाला गेला, सगळा माल पुन्हा उतरवायचा, पुन्हा भरायचा. म्हणून अनुभवी स्वयंसेवक यादीवर जितका वेळ घालवतो तितका भरणीवर घालवत नाही. कुठली वस्तू मोहोर न फोडता दाखवायची, कुठलीचे बिल सोबत ठेवायचे, कुठली सरळ वगळायची, हे त्याला आधीच्या गाडीने शिकवलेले असते.

आणखी एक साधे गणित लोकांच्या लक्षात येत नाही. समजा ४० ट्रक आहेत आणि जाऊन-येऊन २ दिवस लागतात. रोज २० गाड्या माल पोचतो. तपासणी लांबली आणि तीच फेरी १० दिवसांची झाली, तर रोज ४ गाड्या. एकही ट्रक कमी झाला नाही, कुणी 'मदत बंद' असे म्हटले नाही, आणि तरीही मदत पाचव्या हिश्श्यावर आली. युद्धात भूक वाढवायची असेल तर बंदी घालावी लागत नाही, नाक्यावर हळूहळू काम केले की पुरते. याचा राग यायलाच हवा.

## गव्हाला लागलेले साडेचार महिने

संमती कशी मिळते, याचे अगदी आपल्या देशातले उदाहरण आहे. अफगाणिस्तानात तालिबानची सत्ता आल्यावर तिथे अन्नटंचाई झाली. भारताने ५०,००० टन गहू द्यायचे ठरवले. जवळचा रस्ता पाकिस्तानातून. ७ ऑक्टोबर २०२१ ला भारताने पाकिस्तानला विचारले, २४ नोव्हेंबरला होकार आला, पण माल कुणाच्या गाड्यांतून न्यायचा यावर पुढे बोलणी चालूच राहिली. भारतीय ट्रक पाकिस्तानला चालेनात, पाकिस्तानी ट्रक भारताला. शेवटी तोडगा निघाला तो असा : अफगाण ट्रक अटारीला येतील, तिथे गहू एका हौद्यातून दुसऱ्या हौद्यात जाईल आणि ते खैबरमार्गे जलालाबादला नेतील. वाटप करणार संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम. २२ फेब्रुवारी २०२२ ला ५० ट्रकांचा पहिला ताफा २,५०० टन गहू घेऊन निघाला. विचारणा आणि पहिला ट्रक यांत साडेचार महिने गेले.

अटारीला जे झाले त्याला 'पाठीला पाठ' पद्धत म्हणता येईल. दोन ट्रक मागच्या बाजूने एकमेकांना भिडतात आणि हमाल गोण्या इकडून तिकडे टाकतात. दुप्पट हमाली, दुप्पट वेळ, गोण्या फाटून सांडलेला गहू वेगळा. तरी हीच पद्धत अनेक सीमांवर वापरतात, कारण शत्रूचा चालक आणि शत्रूची गाडी आपल्या हद्दीत येत नाही. प्रत्येक बाजूची अब्रू राखली जाते, आणि गहू पुढे सरकतो.

कायदा काय म्हणतो? १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या २३ व्या कलमाने औषधांच्या खेपा, आणि लहान मुले, गर्भवती व बाळंतिणींसाठीचे अन्न-कपडे मोकळेपणाने जाऊ द्यावेत असे बंधन घातले आहे. त्याच कलमात पळवाटही आहे. माल शत्रूकडे वळेल अशी सबळ शंका असेल तर अडवता येते, आणि मार्ग-वेळ यांच्या अटी घालता येतात. सीरियात तर सरकारच्या परवानगीविना सीमा ओलांडून मदत न्यायला सुरक्षा परिषदेला जुलै २०१४ मध्ये २१६५ क्रमांकाचा खास ठराव करावा लागला. नुसत्या दयेला सीमेवर किंमत नाही, शिक्क्याला आहे. हे कटू वाटते, पण स्वयंसेवकाला यावरच काम करायचे असते.

## सोलापूरच्या डॉक्टरांचा प्रवास

मराठी माणसाच्या नावावर असा एक प्रवास नोंदलेला आहे, आणि तो आपल्याला मुख्यतः व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे ठाऊक असतो. चीनवर जपानचे आक्रमण चालू असताना चिनी सेनानी जू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना वैद्यकीय मदतीची विनंती केली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशभर आवाहन करून पैसा गोळा केला, आणि पाच डॉक्टर निघाले : प्रमुख मदन अटल, नागपूरचे मोरेश्वर चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, आणि बिजॉय बसू व देबेश मुखर्जी. सोबत औषधे आणि रुग्णवाहिका. १९३८ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला ते मुंबईहून बोटीने गेले.

येनानला म्हणजे जिथे पोचायचे ठरले होते तिथे ते पोचले फेब्रुवारी १९३९ मध्ये. मध्ये पाच महिने गेले कुठे? आधी बोटीने कँटन, मग उत्तरेला. हँकाऊ जपान्यांच्या हाती जाऊ लागले तसे पथक मागे सरकत चुंगकिंगला आले. तिथे वाट पाहणे आले, कारण येनान कम्युनिस्टांच्या ताब्यात आणि रस्ता चांग कै-शेकच्या सरकारच्या ताब्यात. दोघेही जपानविरुद्ध लढत होते, पण एकमेकांवर विश्वास नव्हता. परवानगी मिळाल्यावर जानेवारीत मोटारींनी प्रवास सुरू झाला. अटारीच्या गव्हाचे आणि या पथकाचे कुलूप एकच आहे, ८० वर्षांचे अंतर असले तरी. डॉ. कोटणीस तिथेच राहिले, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी चीनमध्येच त्यांचे निधन झाले.

## ताफा रस्त्यावर

आता गाड्या निघाल्या. ताफ्याची रचना समजायला आपल्याला पंढरीची वारी पुरेशी आहे. ज्ञानोबांच्या पालखीत दिंड्यांना क्रमांक असतात, काही रथापुढे, काही रथामागे. कुणी आपली जागा सोडत नाही, मुक्काम आधीच ठरलेले असतात आणि चोपदाराच्या शब्दाशिवाय कुणी हलत नाही. ताफ्यातही प्रत्येक गाडीला क्रमांक, पुढे रस्ता पारखणारी एक गाडी, शेवटी दुरुस्तीची एक. एखादा ट्रक बिघडला तर सगळे थांबतात, किंवा आधी ठरल्याप्रमाणे माल दुसऱ्या गाडीत जातो. मागे एकटा कुणाला सोडत नाहीत. आणि वेग सगळ्यांत जुन्या गाडीचा.

पहारा घ्यायचा का, हा मोठा प्रश्न. सशस्त्र गाडी पुढे असेल तर लुटारू घाबरतात, पण ज्याच्या बंदुका सोबत आहेत त्याच्या शत्रूला ताफा शत्रूचा वाटू लागतो. म्हणून मदतसंस्था सशस्त्र पहारा शेवटचा उपाय म्हणून वापरतात. मणिपूरमध्ये मात्र २०२३ मध्ये त्यावाचून गत्यंतर नव्हते. मे महिन्यात मैतेई आणि कुकी समाजांत हिंसाचार उसळल्यावर दिमापूरकडून इंफाळला येणाऱ्या महामार्गावर नाकेबंदी झाली, खोऱ्यात तांदूळ, गॅस आणि औषधांची टंचाई झाली. मग १५ मेपासून जिरीबामकडच्या राष्ट्रीय महामार्ग ३७ वरून सुरक्षा दलांच्या पहाऱ्यात मालट्रक इंफाळला येऊ लागले. त्या काळात आणखी एक गोष्ट घडली जी पुस्तकात लिहिलेली नसते. मैतेई चालकाला कुकी भागातून आणि कुकी चालकाला मैतेई भागातून जाणे जिवावर बेतणारे होते, तेव्हा दोन्हींपैकी नसलेले चालक, त्यांत मणिपुरी मुस्लिमही, स्टिअरिंगवर बसले. चालक कोण आहे, त्याचे आडनाव काय, हे माल काय आहे यापेक्षाही कधी कधी मोठे ठरते.

## आगाऊ वर्दी आणि तिच्यातली फट

ताफा निघण्याआधी लढणाऱ्या सर्व पक्षांना वर्दी दिली जाते : कोणत्या गाड्या, कोणता रस्ता, कोणती वेळ, कोण कोण माणसे. म्हणजे त्यांच्या तोफांनी आणि विमानांनी तेवढा वेळ त्या रस्त्याकडे बघू नये. गाड्यांच्या छतावर मोठी चिन्हे रंगवतात. ऐकायला भक्कम वाटते.

१९ सप्टेंबर २०१६ ला सीरियात अलेप्पोजवळ उरुम अल-कुब्रा इथे संयुक्त राष्ट्रे आणि सीरियन रेड क्रिसेंट यांचा ३१ ट्रकांचा ताफा पोचला. हालचालीची वर्दी सगळ्यांना होती. गोण्या उतरवत असतानाच बाँबहल्ला झाला. रेड क्रिसेंटचे स्थानिक प्रमुख आणि अनेक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी संयुक्त राष्ट्रांनी देशातले सगळे ताफे थांबवले, म्हणजे शिक्षा मिळाली ती पुढच्या गावांना.

१ एप्रिल २०२४ ला गाझातल्या दैर अल-बलाहजवळ वर्ल्ड सेंट्रल किचन या मदतसंस्थेच्या तीन गाड्यांवर हल्ला झाला आणि सात जण मारले गेले. समुद्रमार्गे आलेले अन्न गोदामात उतरवून ते परतत होते. त्यांची हालचाल इस्रायली सैन्याला कळवलेली होती. मग घडले काय? सैन्याने स्वतःच चौकशी करून सांगितले, की ही योजना प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्या तुकडीपर्यंत नीट पोचली नव्हती, आणि रात्रीच्या वेळी छतावरचे चिन्ह ड्रोनच्या कॅमेऱ्यात दिसत नव्हते. दोन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. इथे यंत्रणेची फट दिसते. वर्दी वरच्या कार्यालयात जाते, ट्रिगर खालच्या माणसाच्या बोटाशी असतो, आणि मधल्या दोन पायऱ्यांवर एक कागद राहून गेला की संपले. शिवाय चिन्ह दिवसा पाहणाऱ्या माणसासाठी रंगवलेले असते, आणि रात्रीचे यंत्र बघते ते रंग नव्हे, उष्णता. आज ताफे नेणाऱ्या संस्था म्हणूनच दिवसाउजेडी हलायचा आग्रह धरतात, आणि गाडी सुटल्यावरही पुढच्या नाक्याशी थेट फोन चालू ठेवतात.

## उतरवणे हे सगळ्यांत अवघड

पोचलेला ट्रक म्हणजे पोचलेली मदत नाही. २९ फेब्रुवारी २०२४ ला गाझा शहरात पिठाच्या ट्रकांभोवती हजारो भुकेली माणसे जमली, गोळीबार आणि चेंगराचेंगरी झाली, शंभरांहून जास्त जीव गेले. दिवसचे दिवस काही न मिळालेल्या माणसांना उद्या पुन्हा ट्रक येईल याची खात्री नव्हती, म्हणून आज मिळेल तेवढे घ्यायला ती धावली. नियमित, छोट्या-छोट्या खेपा आणि आधी जाहीर केलेली वेळ असेल तर रांग शांत राहते. अनियमित मोठी खेप रांगेला दंगलीचे रूप देते.

म्हणून माल सरळ ट्रकमधून वाटत नाहीत. आधी गोदाम, मग कुटुंबनिहाय याद्या आणि कार्डे, मग वेगवेगळ्या वस्त्यांत वेगवेगळ्या दिवशी वाटप. बायका, म्हातारी माणसे, अपंग यांची रांग वेगळी, नाहीतर दांडगे पुढे जातात. यादी करायला बाहेरचा स्वयंसेवक उपयोगाचा नाही, त्या गल्लीतली शिक्षिका किंवा दवाखान्यातली परिचारिका हवी, जिला कोण खरोखर विधवा आणि कोणाचे नाव दोनदा आले आहे हे माहीत असते. आपल्याकडे महाड-चिपळूणच्या पुरातही घरोघरी मदत नेताना हे काम आशाताई आणि अंगणवाडी सेविका जेवढे जाणतात तेवढे दुसरे कुणी जाणत नाही. कामोठ्यातून पुढच्या वेळी ट्रक भरताना पहिला फोन त्यांना करावा, मग दुकानदाराला.

उतरणी झाल्यावर यादीवर घेणाऱ्याची सही होते, आणि त्या कागदावर तीन गोष्टी लिहून येतात : किती मिळाले, किती फुटले-सांडले, आणि पुढच्या गाडीत काय नको. तिसरी ओळ बहुतेक वेळा सगळ्यांत महत्त्वाची असते, आणि परत आलेल्या चालकाकडून तीच मागून घ्यावी लागते, कारण तोवर इकडे दुसरा ट्रक भरायला सुरुवात झालेली असते.